ब्लॉक नंबर सहाशे सतरा

डबीत फॉर्मालिन, फॉर्मालिनमध्ये तीन धागे.
शेवयांचे तुकडे म्हणा हवं तर, पण त्याहून बारीक;
एक मधेच तुटलेला.
चिठ्ठीवर: आक्काताई मगदूम, अठ्ठावन्न, कवठेपिरान.
डाव्या फुप्फुसात वरच्या बाजूला गाठ, सव्वातीन सेंटिमीटर.
खाली घाईच्या अक्षरात: टीबी? कॅन्सर?
तंबाखूच्या रकान्यात नुसती आडवी रेघ.

इलाही म्हणाला, मॅडम, माल कमी आहे.
इलाही शिकलगार. आडनावातच धार.
त्याचे पणजोबा मिरजेत तलवारी पाजळायचे,
हा मेणाच्या ठोकळ्यातून तीन मायक्रॉनची फीत काढतो
आणि कोमट पाण्यावर अशी सोडतो
की शेजारी कुणी शिंकू नये.
"एकदाच कापतो. बारा काचा. दोन रंगवू,
दहा कोऱ्या राहू देत.
पुढं कोण काय मागंल, सांगता येत नाही."
आमच्या कामात उधळेपणा म्हणजे
त्या बाईच्या पाठीत पुन्हा सुई.

दुसऱ्या दिवशी साडेअकरा.
केंद्रकं निळी, बाकीचं जग गुलाबी.
आधी टीबी शोधला.
शोधला कसला, मागितला.
तिन्ही धागे या टोकापासून त्या टोकापर्यंत
दोनदा फिरले. नव्हता.

होत्या त्या पेशी मोठ्या, बेशिस्त,
कुणाचं तोंड कुणीकडे याचा पत्ता नाही.
लहान पेशींचा असता तर एका नजरेत कळतं,
केंद्रकं एकमेकांत रुतलेली,
चिमटा लागताच शाईसारखी फरफटलेली.
हा तो नव्हे. एवढं तरी.
मग खवल्यांचा? केरॅटिनचे मोती कुठं?
ग्रंथींचा? एका कोपऱ्यात पोकळीसारखं काहीतरी,
बांगडी म्हणावी तर फुटलेली.
त्यावर मी सही करणार नाही.

आणि बाजूला काजळी.
भक्षक पेशींनी गिळून पोटात धरलेली,
बारीक काळी भुकटी.
चुलीची असेल. रस्त्याचीही असेल;
ती माझ्याही फुप्फुसात आहे.
काजळी दिसते, असं लिहिता येतं.
काजळीनं केलं, असं नाही.

नाव ठेवणं हे माझं काम.
गावात नावं ठेवणारे कमी नाहीत,
मला त्याचा पगार मिळतो.
पण चुकीचं नाव पडलं
तर भलतंच औषध शिरेतून जातं,
म्हणून दोन कोऱ्या काचा खर्चल्या.

पी-चाळीस गप्प राहिला.
टीटीएफ-वन मात्र बोलला:
केंद्रक, मग दुसरं, मग सगळी रांग तपकिरी,
तव्यावरच्या भाकरीला डाग उठावेत तशी.
फुप्फुसातलाच. ग्रंथींचा. अ‍ॅडिनोकार्सिनोमा.

आणि मला आनंद झाला.
चहा मागवला मी.
निम्मा पिऊन झाल्यावर चिठ्ठीवरचं नाव पुन्हा वाचलं,
मग उरलेला तसाच राहिला.

सोमवारी मुलगा आला, सन्मती.
जनुकांची तपासणी पुण्याला,
बदल सापडला तर गोळ्या आहेत, नाही तर दुसरं काही;
हे त्याला मोठ्या डॉक्टरांनी सांगितलेलं.
मी इतकंच म्हटलं, ठोकळा जपून न्या.

त्यानं तो तळहातावर घेतला.
काडेपेटीपेक्षा हलकं प्लास्टिक, त्यात मेण,
मेणात फिकट तीन रेघा.
"एवढंच?"
मग बराच वेळ काही नाही.
मग: "उन्हात वितळंल का हो?"

वीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
साठच्या आसपास वितळतं, मी म्हणाले,
गाडीत काचेजवळ ठेवू नका.
त्यानं पिशवीतून जेवणाचा डबा काढला,
वरच्या पुडातली शेंगदाण्याची चटणी
झाकणावर ओतली, पूड रुमालानं पुसलं,
ठोकळा आत ठेवून कडी लावली.
कोयना एक्सप्रेसला तास होता अजून.

तो गेल्यावर इलाहीनं कपाट उघडलं,
बोटानं मोजल्या.
"आठ आहेत," म्हणाला.
कुणी विचारलं नव्हतं.